‘दंगेखोर’ म्हणताना

संपादक महोदय,

वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलालाही बातम्यांत हल्ली ‘दंगेखोर’ म्हटले जाते. हे चूक आहे. ‘भांडखोर’ हा स्वभाव झाला, ‘दंगेखोर’ हा जवळजवळ गुन्ह्याचा आरोप. भारतीय न्याय संहितेत दंग्यासाठी (कलम १९१) किमान पाच जणांचा बेकायदा जमाव लागतो. एकट्या पोराला तो शब्द चिकटवणे अन्यायाचे आहे. त्याच्यासाठी ‘व्रात्य’, ‘द्वाड’ आणि आपल्या सातारा-सांगलीकडचा ठसठशीत ‘वांड’ आहेतच की!

‘तंटेखोर’ आणखी वेगळा. तंट्यामागे बांध, वाट, वाटणी असे काही कारण असते. २००७ सालच्या ‘तंटामुक्त गाव’ मोहिमेच्या नावात तोच शब्द आहे. भांडखोराला कारण लागत नाही.

‘-खोर’ हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ ‘खाणारा’ (लाचखोर पाहा). तो लागलेले विशेषण लिंगानुसार बदलत नाही : भांडखोर मुलगा, भांडखोर मुलगी. ‘भांडखोरी’ हे नाम, ते विशेषणासारखे वापरू नये. ‘दांडगा’ मात्र बदलतो : दांडगी, दांडगे, दांडग्या. शिवाय ‘दांडगा अनुभव’ ही स्तुती असते, म्हणून मथळ्यात तो जपून घ्यावा.

‘कजाग’ बहुधा बायकांनाच लावतात. तसेच वागणारा पुरुष नुसता ‘तापट’ ठरतो! दोघांनाही ‘भांडखोर’च लिहा.

आणि ‘ओढाळ’ भांडणाचा शब्द नव्हेच. दुसऱ्याच्या पिकात शिरणारे जनावर ओढाळ. म्हणून त्याच्या गळ्यात लोढणे अडकवतात, पळू लागले की ते पायांत येते.

— एक मराठी शिक्षक, कराड (जि. सातारा)