घारापुरीत मुक्कामाला असलेल्यांचा हिशेब : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

संध्याकाळी गेटवेकडे जाणारी शेवटची लाँच धक्का सोडते आणि घारापुरी बेट शासनाच्या लेखी रिकामे होते. प्रत्यक्षात त्याच वेळी राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या आमच्या तीन गावांत दिवे लागतात, लेण्यांच्या पायऱ्यांवर दिवसभर दुकान मांडून बसलेल्या बायका घरी परततात आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीचा अंदाज घेऊन जाळी बाहेर निघतात. बेटासाठीच्या बहुतेक योजना सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यांचा हिशेब धरून आखल्या गेल्या आहेत. इथे रात्र काढणाऱ्या हजार-बाराशे माणसांचाही हिशेब धरावा, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

लेण्यांविषयी आमची तक्रार नाही. १९८७ साली त्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, परंतु त्याआधीच्या कित्येक पिढ्या महाशिवरात्रीला त्याच गाभाऱ्यातील शिवलिंगासमोर हात जोडत आल्या आहेत. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आमच्या तोंडी मात्र घारापुरी हेच नाव राहिले. वारसा जपायचा तर त्यात हे नाव, ही तीन गावे आणि त्यांची समुद्राशी असलेली ओळखही आली, असे आम्ही मानतो.

सर्वांत मोठी अडचण घरांची आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण, असा कायदा आहे; किनाऱ्याकडे सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारे, नियम लागू होतात. वर लेण्यांची हद्द आणि खाली भरतीरेषा, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वाढत्या कुटुंबाने जायचे कुठे? दोन भावांची लग्ने झाली की एका खोलीच्या दोन कराव्या लागतात. ती भिंत उभी राहिली की ते अनधिकृत बांधकाम ठरते. वडिलोपार्जित घराचे छप्पर उतरवून नवे घालतानाही मनात नोटिशीची धास्ती असते. कायदा शिथिल करा, असे आम्ही म्हणत नाही, कारण या डोंगरावर हॉटेले उभी राहिलेली आम्हालाही नको आहेत. गावठाणाची मोजणी करून त्याची हद्द निश्चित करावी, आणि मूळ रहिवाशाच्या राहत्या घराची गरज व बाहेरच्या माणसाची गुंतवणूक यांत स्पष्ट भेद करावा, ही आमची मागणी आहे.

दुसरा प्रश्न पाण्यावरच्या वाटेचा. काही वर्षांपूर्वी माझ्या वहिनीला मध्यरात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा शेजाऱ्याच्या मासेमारीच्या होडीतून तिला उरणजवळच्या मोरा बंदराकडे न्यावे लागले. त्या बंदरात गाळ साचलेला असतो आणि ओहोटीच्या वेळी बोट धक्क्याला लागत नाही. शेवटचे अंतर चौघांनी तिला चिखलातून उचलून नेले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे आमचे भाग्य. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर प्रवाशांना सुरक्षाजाकिटे सक्तीची झाली, ते योग्यच झाले. पण रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन निघणाऱ्या बेटवासीयाच्या सुरक्षिततेचा विचार अजून कोणी केलेला नाही. पर्यटक असोत वा नसोत, पावसाळा असो वा सोमवार, उरणच्या बाजूला नियमित जाणारी एक सार्वजनिक बोट आणि रात्रीसाठी सज्ज असलेली एक रुग्णबोट इथे हवी.

मासेमारीविषयी थोडक्यातच लिहितो. समोर न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, जहाजांची वाट रुंदावली, गाळ उपसला गेला आणि जाळी टाकायची जागा आक्रसत गेली. म्हणूनच पायऱ्यांवरची दुकाने हा अनेक घरांचा जोडधंदा न राहता मुख्य आधार झाला आहे. लेणी सोमवारी बंद असतात आणि खवळलेल्या समुद्रामुळे पावसाळ्यात लाँचेस वरचेवर थांबतात, तेव्हा त्या घरांत मिळकत येत नाही. शिवडीहून बेटापर्यंत रोप-वे उभारण्याची कल्पना मांडली गेली आहे. तिच्यामुळे लाँचवाल्यांचे आणि पायऱ्यांवरच्या दुकानदारांचे काय होईल, याचा अभ्यास आधी व्हावा आणि तो आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जावा.

शासनाने मनावर घेतले की काय होते, ते आम्ही पाहिले आहे. संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनित्रावर आमच्या पिढ्या वाढल्या. २०१८ साली सुमारे साडेसात किलोमीटरची केबल समुद्रतळातून टाकून महावितरणने बेटावर कायमची वीज आणली. त्या रात्री म्हातारी माणसे उशिरापर्यंत जागी होती, दिवा बंद करायला कोणी तयार नव्हते.

बेटाच्या विकासाविषयीची पुढची बैठक मंत्रालयात न घेता इथे, शक्यतो सोमवारी घ्यावी, अशी विनंती आहे. त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि तिन्ही गावांतील माणसे घरी भेटतात.

आपला,
घारापुरीचा एक रहिवासी