थर एकमेकांना शिवले आहेत का, हे विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत आपण मला आभार मानू दिले नाहीत. "पुढचा नमुना लाव" एवढेच म्हणालात. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड या स्फटिकाच्या जेमतेम तीन अणूंच्या जाडीच्या एका थरावर टंगस्टन डायसल्फाइडचा दुसरा थर, असे माझे नमुने होते. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन पहिल्या थरात आणि होल (इलेक्ट्रॉनने मागे सोडलेली धन प्रभाराची रिकामी जागा) दुसऱ्यात जाऊन बसतो, आणि दोन्ही थरांची स्वतःची चमक मंदावते. या जोडीत होल ५० फेमटोसेकंदांच्या (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) आत पलीकडे जातो, हे २०१४ मध्येच मोजले गेले होते. माझ्या नमुन्यांची चमक मात्र कमीच होईना. "एका थरावर दुसरा फिरवून ठेवण्याचा कोन चुकला आहे, पुन्हा बनव," असे मला आठ महिने सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्यांपैकी एकानेही नमुना डोळ्यांनी पाहिला नाही.

आपण आधी उठलात, स्वतःची खुर्ची मला दिलीत, माझ्या चष्म्यानुसार सूक्ष्मदर्शकाची भिंगे जुळवलीत आणि म्हणालात, "आधी तू बघ." इतक्या महिन्यांत माझ्या नजरेवर कोणी विश्वास ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते आठवले की आजही माझा गळा दाटून येतो. मग बारीक सुईने पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर बोट ठेवून आपण म्हणालात, "कोन असू दे कसाही, थर एकमेकांना शिवलेलेच नाहीत." दोन थरांमध्ये जेमतेम ०.६ नॅनोमीटर अंतर असायला हवे, तिथे हवेचे आणि पॉलिमरच्या अवशेषांचे दहा-दहा नॅनोमीटर उंचीचे फुगे होते.

कोन फिरला की दोन्ही थरांच्या के-दऱ्या (संवेगाच्या नकाशावरील त्या जागा, जिथे प्रकाशाने इलेक्ट्रॉन आणि होल तयार होतात) एकमेकींसमोर राहत नाहीत, हे खरेच आहे. पण प्रभार, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा होल, त्याच वाटेने जायला बांधलेला नसतो. त्याच नकाशावरील गॅमा आणि क्यू या बिंदूंपाशी दोन्ही थरांच्या अवस्था एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि तिथून तो झपाट्याने पलीकडे उतरतो. कोनाचा प्रभाव अधिक दिसतो तो इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र यायला किती वेळ घेतात यावर. मी ज्या कोनाला दोष देत होते, तो निर्दोष होता.

नमुना तापवून फुगे काढल्यावर जिथे थर चिकटले तिथली चमक विझली, आणि उरलेल्या दोन फुग्यांवर ती तशीच राहिली. स्फटिकाची कड दाखवणारा जो बाण आपण पेन्सिलीने डबीच्या झाकणावर काढला होता, तो मी अजून पुसलेला नाही.

आपली ऋणी,
एक संशोधक विद्यार्थिनी