बुरानोला अख्खा दिवस द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत इटलीतल्या व्हेनिसजवळच्या बुरानो बेटाचे फोटो आले होते, खूपच सुंदर होते, पण सोबतच्या मजकुरात रंगीत घरं, फोटोसाठी बेस्ट आणि एक तास पुरे एवढंच होतं, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आपल्याकडून इटलीला जाणाऱ्या ग्रुप टूरमध्ये बहुतेक वेळा असंच होतं, शेजारचं मुरानो बेट आणि बुरानो मिळून अर्धा दिवस, त्यातला बराचसा मुरानोच्या काचेच्या कारखान्यात जातो आणि बुरानोला उरतो तो वेळ कालव्यावरच्या पुलावर उभं राहून सेल्फी काढण्यात. माझी बहीण आणि मी ग्रुपशिवाय गेलो होतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परतलो, आणि मला अगदी मनापासून वाटतं की घरांचे रंग हा तिथला फक्त दरवाजा आहे, आत जायला दिवस लागतो.

जायचं कसं ते आधी सांगते. व्हेनिसच्या उत्तर काठावर फोंदामेंते नोवे नावाचा धक्का आहे, तिथून 12 नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली सार्वजनिक बोट, मुरानोला थांबून पाऊणएक तासात बुरानोला पोचते. आम्ही गेलो तेव्हा एका वेळचं तिकीट साडेनऊ युरो होतं आणि ते 75 मिनिटंच चालायचं, 24 तासांचा पास 25 युरोचा, त्यामुळे वाटेत कुठे उतरायचं असेल तर पासच घ्या, सारखा हिशोब करावा लागत नाही. आणि सकाळी लवकरची बोट पकडा, कारण दहा-साडेदहानंतर गर्दी व्हायला लागते आणि मग अरुंद गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

रंगांबद्दल सगळे सांगतात की कोळ्यांना धुक्यात आपलं घर लांबून ओळखता यावं म्हणून ते दिले, खरंखोटं माहीत नाही पण हिवाळ्यात त्या खाडीवर दाट धुकं पडतं हे मात्र खरं. आज घर रंगवायचं तर पालिकेला कळवावं लागतं आणि त्या घराला कुठले रंग चालतील ते तिकडून ठरतं, म्हणून शेजारी शेजारी गडद निळा, जांभळा, पिवळा असूनही डोळ्यांना खुपत नाही. दारांवर पडदे लावलेले असतात, दार उघडं ठेवून हवा आत यावी म्हणून, आणि त्या पडद्यामागे माणसं जेवत असतात, टीव्ही बघत असतात. जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव आहे हे, त्यांच्या उंबऱ्यावर बसून, दोरीवरचे कपडे बाजूला सारून फोटो काढणारे लोक पाहिले तेव्हा खरंच वाईट वाटलं, त्यात आपलेही होते. पलीकडच्या काठावरून काढा ना, पाण्यातलं प्रतिबिंबही येतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, लेस. मी स्वतः बरीच वर्षं क्रोशाचं काम करते, त्यामुळे मला वाटलं होतं की थोडंफार तसंच असेल, पण बुरानोची लेस सुईची असते आणि तिच्या खाली कापडच नसतं. नक्षी कागदावर काढतात, कागद कापडावर ठेवून रेषांवरून दोरा घालून टाकतात, मग त्या दोऱ्यांना धरून बारीक सुईने काजाच्या टाक्यासारखे टाके भरत जातात आणि शेवटी खालचे टाके कापले की कागद सुटतो आणि हातात फक्त दोऱ्याची जाळी उरते. पूर्वी प्रत्येक बाईचा टाका ठरलेला असायचा, एकच तुकडा या हातातून त्या हातात जायचा. गालुप्पी चौकातल्या लेस म्युझियममध्ये एक वयस्क बाई मांडीवर गोल उशी घेऊन काम करत होत्या, आम्ही कितीतरी वेळ तिथंच उभ्या, आणि एवढ्या वेळात जाळी जेमतेम नखाएवढी पुढे सरकली.

ही कला एकदा जवळजवळ गेलीच होती हे तिथंच कळलं. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबाराला व्हेनिसच्या लेसचं इतकं वेड होतं की कोल्बेर या मंत्र्याने इथल्या कारागीर बायकाच तिकडे नेल्या आणि फ्रान्समध्ये कारखाने काढले. पुढे 1797 मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं आणि मागणीही बसत गेली. 1872 चा हिवाळा फार कडक गेला, मासेमारी बंद पडली, घरं उपाशी राहायला लागली, तेव्हा काउंटेस अँड्रियाना मार्चेल्लो आणि पाउलो फांब्री यांनी लेसची शाळा काढायचं ठरवलं, पण जुनं काम येणारी चेन्चा स्कार्पारिओला नावाची एकच म्हातारी बाई उरली होती. तिच्याकडून एकीने शिकून घेतलं, तिने बाकीच्यांना शिकवलं. ती शाळा 1970 पर्यंत चालली आणि आज म्युझियम आहे ते त्याच इमारतीत, 1981 पासून. एका म्हाताऱ्या बाईच्या बोटांमुळे गावाला परत पोट भरायला मिळालं, हे मला तिथल्या कुठल्याही रंगापेक्षा मोठं वाटतं.

म्हणून दुकानात पाच-दहा युरोला टांगलेले रुमाल, टेबलक्लॉथ बघून ही बुरानोची लेस असं समजू नका, ते मशीनचं असतं, बरंचसं बाहेरून आलेलं. घ्यायचं तर आवडीने घ्या पण दुकानदाराला सरळ विचारा, हाताचं आहे का, कोणी केलं, किती दिवस लागले. खरं काम महाग असतं, हातभर तुकड्यामागे महिने जातात.

बाकी वेळ कसा जातो कळत नाही. सान मार्तिनो चर्चचा मनोरा 53 मीटर उंच आहे आणि चांगला पावणेदोन मीटरहून जास्त कललेला आहे, बोटीतूनच दिसतो, पिसाला जाऊन आलेल्यांनाही आवडेल, आणि चर्चच्या आत तिएपोलो या चित्रकाराचं क्रुसावरच्या येशूचं चित्र आहे जे पंधरा मिनिटांच्या थांब्यात कोणी बघत नाही. दुपारी मासे खाणाऱ्यांनी गो नावाच्या खाडीतल्या लहान माशाच्या रश्श्यात शिजवलेला रिसोत्तो खावा, भाताचा एकेक दाणा माशाच्या चवीने भरलेला असतो. बहीण शाकाहारी, तिने बुसोलाय ही लोणी आणि अंड्याच्या पिवळ्या बलकाची गोल बिस्किटं टाळली कारण अंडं असतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या.

दुपारची गर्दी असते तेव्हा लाकडी पुलावरून चालत शेजारच्या मात्सोर्बो बेटावर जा, तिथं द्राक्षाची बाग आणि शांतता दोन्ही आहे, किंवा पाच-दहा मिनिटांच्या बोटीने तोर्चेलो बेटावर जा जिथं 639 साली स्थापन झालेलं चर्च आहे आणि पश्चिमेच्या अख्ख्या भिंतीवर अंतिम न्यायाचं मोझेक, म्हणजे बारीक रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र आहे. व्हेनिसच्या आधी इथं मोठं गाव होतं, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं राहतात. चार-पाचला बुरानोला परत या, तेव्हा टूरवाले गेलेले असतात, म्हाताऱ्या बायका खुर्च्या दाराबाहेर काढून बसतात, मुलं चौकात फुटबॉल खेळतात.

तेव्हा पुढच्या वेळी पुरवणीत बुरानो आलं तर बोटीचा नंबर, लेस म्युझियम कोणत्या दिवशी उघडं असतं ते, आणि संध्याकाळच्या परतीच्या बोटी कधी असतात एवढं तरी कोपऱ्यात छापा, जागा कमी पडली तर एखादा फोटो कमी करा.

आपली,
एक नियमित वाचक