चिऊच्या अर्जातला ‘डायर’

सातारा,
रविवार सकाळ

प्रिय दिनू,
स. न. वि. वि.

चिऊचा लंडनच्या स्कॉलरशिपचा अर्ज पोचला. त्यातलं ‘अवर फॅमिली इज डायर’ वाचून आधी हसलो, मग पेन्सिल घेऊन बसलो. तू म्हणशील, डिक्शनरीत डायर म्हणजे हलाखीचं असंच दिलंय. दिलं असेल रे. पण आपण तरी ‘आमचं कुटुंब हलाखीचं’ म्हणतो का? हलाखीची असते ती परिस्थिती. डायरचंही तसंच: सिच्युएशन डायर, नीड डायर, पॉव्हर्टी डायर. माणसांना लावलास की अर्थ फिरला. इंग्लंडात टुकार सिनेमालाही बोलताना डायर म्हणतात. म्हणजे तिकडे वाचणाऱ्याला वाटायचं, पोरगी घरच्यांनाच टुकार ठरवतेय. वहिनींना हे सांगू नकोस.

जालियनवाला बागेतला डायर वेगळा हं. शाळेत १३ एप्रिल १९१९ घोकल्यामुळे शब्द ऐकला की माझ्याही डोळ्यांपुढे आधी तोच येतो. त्याचं स्पेलिंग डी-वाय-ई-आर, याचं डी-आय-आर-ई. उच्चार तेवढा एक. हा लॅटिन ‘दीरुस’वरून आलाय. दीरुस म्हणजे भयंकर, अपशकुनी. त्यामुळे नुसत्या गरिबीवर तो भागत नाही, पुढे काहीतरी वाईट वाढून ठेवलंय ही धास्तीही त्यात येते. ‘डायर वॉर्निंग’मध्ये पैशाचा संबंधच नाही. आपली हलाखी अरबी ‘हलाक’वरून आली, म्हणजे नाश. मुळात तीही काही साधी नव्हती, आपण वापरून वापरून बोथट केली.

खरी मजा आली ती ‘डायर स्ट्रेट्स’मध्ये, म्हणजे मोठ्या अडचणीत असणं. स्ट्रेट म्हणजे सामुद्रधुनी, भूगोलात पाल्कची होती बघ. चिंचोळ्या पाण्यात सापडलेलं गलबत डोळ्यांसमोर आण, आणि मग आपली ‘अडचण’ आठव! माळ्यावर ट्रंका कोंबल्या की आई ओरडायची, ‘किती अडचण करून ठेवलीय!’ संस्कृतात ‘संकट’चाही एक अर्थ अरुंद असाच आहे. सकाळपासून मी याच खुशीत आहे, चहा दोनदा निवला.

अर्जातून मात्र डायर काढूनच टाकलाय. दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलं, विहीर आटली, फीसाठी बैलजोडी विकली, एवढंच साध्या वाक्यांत घातलंय. बैल कोणत्या साली विकलेस ते तेवढं कळव, तिथे जागा सोडली आहे.

तुझा,
बाळू