रजिस्टरातल्या चार ओळींबद्दल, आभार

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. माटुंग्याच्या आमच्या लॅबमध्ये दोन शनिवार येऊन गेलात, चहापलीकडे काही घेतलं नाहीत, आणि आम्ही आभार मानायला लागलो तर "झालं ना काम?" म्हणून जिना उतरायला लागलात. म्हणून हे चारचौघांत लिहायची वेळ आली.

आधी थोडं कडू बोलून घेतो. लॅबमध्ये दाराजवळ जे लांबडं रजिस्टर टांगलेलं आहे, त्यात तुमच्या आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी आहेत. "तपासले. ठीक आहे." "रॅम वाढवावी." "मशीन जुने, बदलावे." खाली झोकदार सह्या. मेमरी किती रिकामी आहे हे एकानेही पाहिलं नव्हतं आणि आम्ही भाबडे लॅमिंग्टन रोडवर जाऊन रॅमचे भाव काढून आलो होतो! वर कहर म्हणजे, मॉडप्रोबच्या (लिनक्समध्ये मॉड्यूल चढवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगच्या फाइलीत शॅडो व्हीएमसीएस, म्हणजे मशीनच्या पोटातलं मशीन जलद चालावं म्हणून प्रोसेसरने दिलेली सोय, बंद करणारी ओळ त्यांच्यापैकीच कुणीतरी टाकून गेलं होतं. का टाकली, रजिस्टरात अक्षर नाही.

मुलांचं दुखणं साधं होतं. प्रत्येकाला एक व्हर्च्युअल मशीन दिलेलं, त्याच्या पोटात त्यांनी स्वतःचा हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) चालवायचा आणि त्याच्याही पोटात एक छोटा कर्नल. तळाला लिनक्सचा हायपरव्हायजर केव्हीएम, मध्ये मुलांचा हायपरव्हायजर, वर पाहुणा, म्हणजे तो छोटा कर्नल. वरचा पाहुणा इतका रेंगाळायचा की मुलं आपल्याच कोडला दोष देत बसायची. अर्थात काही दोष त्यांच्या कोडचाही होता, त्यावर पुढे येतो.

तुम्ही आधी मोजायला लावलंत. पाहुण्यात सीपीयूआयडी (प्रोसेसरची ओळख विचारणारी) ही एकच सूचना फिरत ठेवायची, कारण इंटेलवर ती प्रत्येक वेळी हमखास बाहेर पडते, म्हणजे पाहुणा थांबतो आणि ताबा खालच्या हायपरव्हायजरकडे जातो. व्हीसीपीयू (व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर) एका कोअरला बांधायचा, वेग स्थिर राहावा म्हणून टर्बो बंद, गव्हर्नर परफॉर्मन्सवर, आणि तळाच्या मशीनवर बाहेर पडणं मोजणारं पर्फ केव्हीएम स्टॅट अर्धा मिनिट. अहवालात सीपीयूआयडी दिसणारच होतं. पण त्याच्या डोक्यावर बसले होते व्हीएमरीड आणि व्हीएमराइट, म्हणजे व्हीएमसीएस ही पाहुण्याच्या अवस्थेची नोंदवही वाचण्याची आणि लिहिण्याची सूचना.

मग खडूने फळ्यावर जे काढलंत ते अजून पुसलेलं नाही. वरचा पाहुणा सीपीयूआयडी म्हणतो. हार्डवेअरला मधला कोण ते ठाऊकच नाही, ते थेट तळाला येतं. तळाचा केव्हीएम मधल्याला उठवतो. मधला विचारतो, बाहेर का पडलो? एक व्हीएमरीड. सूचना किती बाइटची होती? दुसरं. आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता) कुठे आहे? तिसरं. मग आरआयपी पुढे सरकवायला एक व्हीएमराइट, आणि शेवटी पाहुण्याला पुन्हा चालू करणारं व्हीएमरेझ्यूम. शॅडो बंद असेल तर या पाचांपैकी प्रत्येक वेळी मधला स्वतःच तळाला आदळतो. पाहुण्याच्या एका सूचनेमागे पाच फेऱ्या, त्याही अगदी काटकसरीने लिहिलेल्या कोडच्या. मुलांचं कोड तर दर वेळी सगळे सेगमेंट, सगळे कंट्रोल रजिस्टर वाचून काढायचं, म्हणजे फेऱ्या डझनावारी. शिवाय प्रत्येक फेरीत आरएसपी सोडून पंधरा जनरल रजिस्टर सॉफ्टवेअरने हाताने उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे, कारण व्हीएमसीएस त्यांची काळजी घेत नाही. दुखणं जुनंच आहे. २०१० साली आयबीएमच्या हैफा इथल्या संशोधकांनी केव्हीएमवर हेच मोजलं होतं आणि या दोन सूचनांच्या जागी साधं मेमरी वाचन-लेखन घालून पाहिलं होतं. २०१३च्या हॅसवेलपासून इंटेलने ती सोय प्रोसेसरमध्येच दिली. चार-चार किलोबाइटचे दोन बिटमॅप, म्हणजे व्हीएमसीएसमधल्या फील्डच्या (रकान्यांच्या) याद्या, एक वाचण्याचा, एक लिहिण्याचा. ज्या फील्डचा बिट शून्य, ते फील्ड मधला तळाला न उठवता थेट सावलीच्या व्हीएमसीएसमधून वाचतो किंवा लिहितो. व्हीएमरेझ्यूम मात्र आदळणारच, त्याला इलाज नाही.

आमच्या मशीनमध्ये ही सोय होती. नुसती बंद करून ठेवलेली!

ओळ काढली, सगळी व्हर्च्युअल मशीन बंद केली (एक जरी चालू राहिलं तरी केव्हीएमचं मॉड्यूल वापरात आहे म्हणून उतरत नाही), मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवलं, आणि पॅरामीटरच्या फाइलीत वाय, म्हणजे चालू, आलंय हे डोळ्यांनी बघितलं. व्हीएमरीड अहवालाच्या तळाशी गेलं. पहिला शनिवार इथेच संपवता आला असता.

दुसऱ्या शनिवारी तुम्ही मुलांचं कोड घेऊन बसलात. त्यांनी बारा एमएसआर (प्रोसेसरच्या सेटिंगची खास रजिस्टर) ऑटो-लोडच्या, म्हणजे दर फेरीला आपोआप लावायच्या, यादीत कोंबले होते. सोळा बाइटची एकेक नोंद, येताना-जाताना. साध्या मशीनवर ते हार्डवेअर करतं, इथे तळाच्या केव्हीएमला प्रत्येक नोंद मेमरीतून वाचून, तपासून, सॉफ्टवेअरने लावावी लागते, प्रत्येक फेरीला. त्यातल्या ईफर आणि पॅट यांना व्हीएमसीएसमध्ये स्वतःची फील्ड आहेत, तिकडे हलवा, म्हणालात. स्टार, एलस्टार आणि एसएफमास्क सिसकॉलसाठी, म्हणजे साध्या प्रोग्रामने कर्नलला हाक मारण्यासाठी, लागतात, आणि कर्नल स्वतः सिसकॉल करत नाही. मग ते दर फेरीला परत का लावायचे? यूजरस्पेसकडे (साध्या प्रोग्रामांकडे) परतताना एकदाच लावा. केव्हीएम स्वतः हेच करतो. सोबत धोकाही बजावलात. ते एकदाच लावायचं राहिलं, किंवा मध्येच दुसऱ्या प्रोसेसला पाळी मिळाली, की पहिला सिसकॉल पाहुण्याच्या पत्त्यावर उडी मारतो आणि मधला कर्नल तिथेच मान टाकतो. एका मुलाने तासाभरात ते करून दाखवलंच. एफपीयूचंही (दशांशांच्या गणिताच्या रजिस्टरांचंही) तसंच. प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-५१२ची सोय असेल तर झेडएमएम रजिस्टर बत्तीस, प्रत्येकी ६४ बाइट, नुसते तेच दोन किलोबाइट. ते प्रत्येक बाहेर पडण्याला हलवायचे नसतात. आणि सीआर२ हे रजिस्टर लिहिण्याआधी वाचून बघा, बदललाय का. होस्टचा, म्हणजे हायपरव्हायजरचा स्वतःचा, सीआर३ आणि आरएसपी यांची मागची किंमत जवळ ठेवा, तीच असेल तर व्हीएमराइट करूच नका. मधल्या मजल्यावरून केलेली, सावलीच्या यादीत नसलेली प्रत्येक व्हीएमराइट तळाचं दार वाजवते.

हे सगळं मॅन्युअल आणि कर्नलचा कोड वाचून आज ना उद्या कुणीतरी सांगितलं असतं. आभार त्यासाठी आहेतच. पण लिहायला बसलोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

मुलं सेगमेंटच्या (मेमरीच्या भागांच्या) मर्यादा वारंवार वाचतात हे बघून तुम्ही तळाच्या कर्नलमधल्या सावलीच्या यादीत ती फील्ड वाढवलीत. ऐकायला पटणारं होतं. पुन्हा बांधणी, पुन्हा तीच चाचणी, तीन वेळा. वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. कारणही तुम्हीच काढलंत. यादीतलं प्रत्येक फील्ड फेरीगणिक सावली आणि मूळ प्रत यांच्यात उतरवून घ्यावं लागतं, मधल्याने त्याला हात लावो न लावो. रोज लागणारी फील्ड यादीत असतील तर फायदा, क्वचित लागणारी घातलीत तर भुर्दंड सगळ्यांना. मुलांचं वाचन कमी करणं हाच खरा उपाय होता. बदल काढून टाकलात. आम्हाला कुणालाही ते कळलं नसतं, एवढ्या बदलांत एक बदल.

आणि मग तुम्ही दाराजवळचं ते रजिस्टर उतरवलंत, त्या झोकदार सह्यांच्या खाली निळ्या पेनाने लिहिलंत: "सेगमेंट मर्यादा शॅडो यादीत घातल्या. वेळ वाढला. काढल्या. अंदाज माझा, चुकलेला." तारीख, सही.

ताई, हे पान आम्ही मुलांना दाखवतो. दादरला स्टेशनबाहेर एक घड्याळवाले काका बसायचे. सेल बदलायला गेलं तर आधी काटे हलवून बघायचे आणि "सेल चांगलाय, नुसता गंज होता" म्हणून पैसे न घेता परत द्यायचे. अशी माणसं सापडत राहतात, फक्त त्यांच्या सह्या लहान असतात. "रॅम वाढवावी" लिहिणाऱ्याने पुढच्या ओळीत "वाढवून उपयोग होईलच असं नाही" एवढं लिहिलं असतं, तरी आम्ही त्याला चहा पाजला असता.

आता एक कामाचं. कोपऱ्यातलं एएमडीचं मशीन मुलांनी चालू केलंय. तिथे व्हीएमसीबी (व्हीएमसीएसचा एएमडीकडचा भाऊ) साध्या मेमरीत असल्यामुळे व्हीएमरीडचा प्रश्नच नाही, पण एलस्टारपासून कर्नल जीएस बेसपर्यंतची रजिस्टरमंडळी व्हीएमलोड आणि व्हीएमसेव्हने हलतात, आणि त्या दोन सूचना मधल्याने चालवल्या की तळाला आदळतात, जर व्हीएलएस, म्हणजे ते आदळणं टाळणारी सोय, बंद असेल तर. तुमच्या सवयीने आधी पॅरामीटरची फाइल उघडून बघितली. सोय चालू आहे. शनिवारी मोजणार आहोत. जे निघेल ते त्याच रजिस्टरात, तुमच्या खालच्या ओळीत लिहू.

तुमची,
लॅबमधली सगळी