दोनशे मीटरच्या पलीकडचं टेबल

लेस्टर, इंग्लंड,
ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी रात्री फोनवर मी सांगितलं की इथल्या एका पक्षाच्या टेबलापाशी उभी राहून लोकांची नावं मतदार यादीसाठी लिहून घेतली, तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. तेव्हाच कळलं की त्यांना पटलेलं नाही. मग आईनं भाजणीचा विषय काढला आणि मीही भाजणीवरच बोलत राहिले. पण ते "बरं" दोन दिवस डोक्यातून जात नाही. फोनवर मला धड सांगता येत नाही, मध्येच तुम्ही "जेवलीस का" विचारता आणि सगळं राहून जातं. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसले आहे.

पक्षाचं नाव तुम्हाला सांगितलेलंच आहे, इथे परत लिहीत नाही. पत्र मावशीकडे आणि वाड्यात सगळीकडे फिरणार, आणि मग चर्चा नावावरच सुरू होईल. मला नावाबद्दल बोलायचं नाही, टेबलाबद्दल बोलायचं आहे.

बाबा, तुमचा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुमची सगळी नोकरी गेली आणि दर निवडणुकीला तुम्ही केंद्राध्यक्ष म्हणून कुठल्या ना कुठल्या गावी जायचात. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन एसटीनं निघायचं, शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपायचं, पहाटे उठून मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. परत आलात की आई आधी तुमचे हात बघायची, कारण शाईचे डाग तुमच्याच बोटांना जास्त लागलेले असायचे. आणि पक्षांची टेबलं मतदान केंद्रापासून दोनशे मीटरच्या बाहेर. तिथून कुणी चहा पाठवला तरी तुम्ही तो परत पाठवायचात. "आपण आतले, ते बाहेरचे" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आणि आता तुमचीच मुलगी परक्या देशात जाऊन त्या बाहेरच्या टेबलापाशी उभी राहिली.

झालं ते असं. इथे बेलग्रेव्ह रोड म्हणून रस्ता आहे, त्याला गोल्डन माइल म्हणतात. साड्यांची, सोन्याची आणि मिठाईची दुकानं, पाट्या गुजरातीत. दिवाळीच्या आधी दोन आठवडे या रस्त्यावर दिव्यांच्या माळा लावतात आणि एका संध्याकाळी त्या सगळ्या एकदम पेटवतात. रहदारी बंद असते, हजारो माणसं रस्त्यावर. आमच्या प्रभागातल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी एका दुकानदाराला विचारून त्याच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत घडीचं टेबल मांडलं होतं. वर कनात, टेबलावर पत्रकं, नावनोंदणीच्या चिठ्ठ्या, चार क्लिपबोर्ड. वारा असा की पत्रकं उडायला लागली. शेवटी माझा चहाचा थर्मास आणि कुणाची तरी किल्ल्यांची जुडगी असं ठेवून ती दाबली.

मी बेसनाचे लाडू करून नेले होते. डबा उघडून टेबलावर ठेवणार, तर आमच्यातल्या एका वयस्कर काकांनी झाकण लावलं आणि डबा टेबलाखाली सरकवला. म्हणाले, "हे आपल्यासाठी. येणाऱ्याला द्यायचे नाहीत." खाऊ-पिऊ घालून मत वळवणं हा इथल्या १९८३ च्या निवडणूक कायद्यात गुन्हा आहे. आत्ता निवडणूक तोंडावर नाही, तरी त्यांचं म्हणणं असं की सवयच नको. बाबा, मला त्या क्षणी तुमचा तो परत पाठवलेला चहा आठवला. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असतो का, हेही मी बघितलं. तुम्ही आपल्याकडची पत्रकं उलटी करून तेच बघायचात. होतं, दोन्ही होतं.

हे काका मूळचे कंपालाचे. इदी अमीननं १९७२ साली युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले, तेव्हा हे ऐन विशीत आई-वडिलांबरोबर निघाले. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की इथे घरं नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. त्या जाहिरातीची झेरॉक्स काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. ती वाचूनच वडिलांना या गावाचं नाव कळलं, असं ते सांगतात. मग होजिअरीच्या गिरणीत नोकरी, आणि गेली चाळीस वर्षं दर निवडणुकीला हे टेबल. ज्या पालिकेनं येऊ नका म्हटलं, तिच्याच मतदार यादीत लोकांची नावं घालायला ते थंडीत उभे राहतात. मी त्यांना विचारलं, राग नाही येत? ते म्हणाले, "येतो ना, म्हणून तर उभा राहतो."

आता माझं. तुमची सगळ्यात मोठी काळजी व्हिसाची, म्हणून आधी तेच. भारत कॉमनवेल्थमध्ये, म्हणजे राष्ट्रकुलात, आहे आणि कॉमनवेल्थचा नागरिक इथे रीतसर व्हिसावर राहत असेल तर त्याला इथल्या सगळ्या निवडणुकांत मत आहे, अगदी पार्लमेंटच्यासुद्धा. पासपोर्ट बदलावा लागत नाही. माझा भारताचाच आहे आणि भारताचाच राहणार. पक्षाचं सदस्य झाल्यानं माझ्या व्हिसाला काही होत नाही. हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये ड्युटीवर असताना मी बिल्ला लावत नाही, पेशंटशी तो विषय काढत नाही. आमच्या नर्सिंगच्या आचारसंहितेतही तसं आहे आणि ते मला मान्य आहे. आत असताना मी तुमच्यासारखीच आतली असते.

मला मत आहे हेच मला दोन वर्षं माहीत नव्हतं. मी धरूनच चालले होते की आपण इथे पाहुणे. मग दुसऱ्या हिवाळ्यात भाड्याच्या घरात ओल आली. पलंगामागची भिंत काळी पडली, गादीच्या कडेला बुरशी. घरमालक म्हणायचा खिडकी उघडी ठेव. मी खोकत होते ते तुम्हाला फोनवर ऐकू यायचं आणि मी सर्दी म्हणून सांगायचे. खरं आत्ता सांगते आहे, रागावू नका. कुणीतरी म्हणालं, नगरसेविका शनिवारी लायब्ररीत बसते, जाऊन भेट. गेले. तिनं भिंतीचे फोटो बघितले, पत्ता लिहून घेतला आणि सहज विचारलं, यादीत नाव आहे ना? मी म्हटलं, मी भारतीय आहे. ती म्हणाली, "मग तर आहेच की हक्क." पालिकेचा माणूस येऊन भिंत तपासून गेला आणि महिन्याभरात मालकाला काम करावं लागलं. पण मला भिंतीपेक्षा तो प्रश्न लागला. इतके दिवस मी इथे कर भरत होते, रात्रपाळ्या करत होते, आणि मोजणीत नव्हते, कारण कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

बाबा, ४ जुलैला मी पहिलं मत दिलं ते तुम्हाला सांगितलं होतं, पण घाईत. नीट सांगते, तुम्हाला आवडेल. मतदान गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. मी रात्रपाळी संपवून तशीच गेले. चर्चच्या हॉलमध्ये दोन टेबलं आणि यादी घेऊन बसलेल्या दोन बायका. आता इथे फोटोचं ओळखपत्र लागतं आणि कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो. तिनं माझा निळा पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, नाव अडखळत का होईना पण पूर्ण वाचलं आणि यादीत पट्टीनं रेघ मारली. मशीन नाही, कागदाची मतपत्रिका. आडोशामागे दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, तिनं फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. शाई नाही! बाहेर आल्यावर मी डावी तर्जनी कितीदा बघितली. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "पेन्सिल? मग खोडलं तर?" हा प्रश्न मी काकांना विचारला. ते म्हणाले, आपलं पेन नेलं तरी चालतं.

त्याच हॉलच्या बाहेर, गेटापाशी, दोन-तीन पक्षांची माणसं बिल्ले लावून उभी होती. शेजारी शेजारी. एकाच थर्मासमधला चहा पीत होती. मी थोडा वेळ बघत थांबले आणि मनात आलं की यांच्यासारख्या कुणी सांगितलं नसतं तर मी या हॉलपर्यंत आलेच नसते. आतली माणसं यादीत असलेल्याला मत देऊ देतात. यादीत नसलेल्याला शोधत फिरणारं कुणीतरी बाहेर लागतं.

रविवारी मात्र माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगते. गर्दीत एक नेपाळी माणूस आला. केअर होममध्ये काम करतो, माझ्याशी हिंदीत बोलला. मी विचारलं, नाव घातलंय का? तो म्हणाला, "हमको भी वोट है?" आणि मी भरभरून म्हटलं, हो, तुम्हालाही आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथे नोकरी करणाऱ्याला मिळतो तो सरकारी नंबर) घ्या, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. त्यानं चिठ्ठी घेतली, तिचा फोटो काढून बायकोला पाठवला आणि हसत गर्दीत गेला. काका मागून म्हणाले, "नेपाळ? नेपाळ कॉमनवेल्थमध्ये नाही."

मी धावले. खोटी माहिती भरून नाव नोंदवणं हा गुन्हा आहे, आणि तो त्याच्या हातून माझ्यामुळे झाला असता. जिलबीच्या रांगेत सापडला. मी माफी मागितली आणि सांगितलं की चूक झाली, तुम्हाला मत नाही. तो म्हणाला, मग कुणाला आहे? मी म्हटलं भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका... तो म्हणाला, "सब पड़ोसी." मग चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि मलाच समजावत म्हणाला, "कोई बात नहीं, दीदी." तेवढ्यात वर दिवे लागले, सगळे ओरडले, त्यानंही वर बघितलं. मी तशीच उभी राहिले. तो माणूस इथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो, भरवतो. ज्यांच्यावर इंग्रजांनी राज्य केलं त्यांच्या लेकरांना मत, आणि ज्यांच्यावर नाही केलं त्यांना नाही, हे मला पटत नाही. पक्षाच्या पुढच्या बैठकीत मी हे बोलणार आहे. बोलायला उठायची भीती वाटते, पण बोलणार आहे.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, भांडणाची. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इथे हिंदू-मुस्लिम तणाव झाला तेव्हा तू रोज दोनदा फोन करायचीस. म्हणून तुला मुद्दाम सांगते. टेबलावर माझ्या शेजारी माझ्याच वॉर्डातली एक नर्स होती, भरूचकडच्या मुसलमान घरातली, जन्म इथलाच. तिनं घरून मसाल्याचा चहा आणला होता. दोघींनी मिळून संध्याकाळभरात अकरा जणांची नावं लिहून घेतली. त्यात जळगावचा एक विद्यार्थी होता. मराठी ऐकून तो इतका हरखला की मत राहिलं बाजूला, आधी शेवभाजी कुठे मिळते तेच विचारायला लागला. एक बाई येऊन तुमचा पक्ष चोर आहे म्हणाली आणि बरंच बोलली. मी ऐकून घेतलं. तिच्या रस्त्यावरचे दिवे तीन महिने बंद होते, ते मात्र लिहून घेतलं.

बाबा, तुम्हाला दादाभाई नौरोजी माहीत आहेत, तुम्हीच शिकवलेत. १८९२ साली लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून ते पार्लमेंटवर निवडून आले, ५ मतांनी. वर्गात तुम्ही तो आकडा फळ्यावर मोठा काढला होतात. आता मला वाटतं की त्या पाच माणसांचं दार कुणीतरी ठोठावलं असणार, "चला, मत द्यायला चला" म्हणून. तो कुणीतरी बाहेरच्या टेबलावरचाच असणार.

मी तुमची परवानगी मागत नाही, कारण टेबलापाशी उभी राहून झालं आहे आणि परत राहणार आहे. पण तुम्ही "बरं" म्हणून फोन आईला देऊ नका. वाद घाला माझ्याशी. तुम्ही आत काय काय बघितलंत, पक्षाची माणसं कुठे कुठे घसरतात, ते मला सांगा. ते मला इथे कुणी सांगणार नाही.

आपल्याकडे २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आहे. अनिवासी लोकांना ६-अ नमुना भरून यादीत नाव ठेवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं, आणि नोव्हेंबरात मला रजा नाही. तुम्ही दोघं सकाळी लवकर जा, ऊन व्हायच्या आत. आई, केंद्र वरच्या मजल्यावर असेल तर आधी चौकशी कर, गुडघा ओढत जिने चढू नकोस. भाजणी पाठवायची घाई नाही, दिवाळीनंतर आली तरी चालेल, पण धने जरा जास्त घाल.

आणि एक काम. काकांनी आपली शाई कधी बघितलेलीच नाही, तुमच्याबद्दल मी इतकं सांगितलंय की रोज विचारतात. मत देऊन आलात की दोघांच्या बोटांचा फोटो पाठवा.

तुमची,
मनू