पाल्बोसिक्लिबच्या सुट्टीच्या आठवड्यातील चुकीच्या सूचना व कमी केलेल्या डोसकडे झालेले दुर्लक्ष यांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन औषधपुरवठा कंपनी,
मुंबई कार्यालय

विषय: कर्करोगावरील तोंडाने घ्यायच्या औषधाबाबत आपल्या अॅपने व हेल्पलाइनने दिलेल्या धोकादायक सूचना

महोदय,

माझी आई आपल्या कंपनीची नियमित ग्राहक असून तिच्या संमतीने, तिच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे. तिला हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह प्रकारचा स्तनाचा कर्करोग आहे आणि तो हाडांपर्यंत गेला आहे. पुण्यातील ऑन्कोलॉजिस्टनी (कर्करोगतज्ज्ञांनी) तिला इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोल या गोळीच्या जोडीला पाल्बोसिक्लिब सुरू केले. आई साताऱ्याजवळच्या गावात राहते आणि तिथल्या औषधाच्या दुकानांत हे औषध वेळेवर मिळेलच याची खात्री नसते, म्हणून आम्ही आपली घरपोच सेवा घेतली. औषध प्रत्येक वेळी ठरल्या दिवशी आले, हे आधीच नमूद करते. माझी तक्रार औषध पोचवण्याबद्दल नाही. औषध कधी आणि किती घ्यायचे हे सांगण्याचे काम आपण आपणहून अंगावर घेतले आणि ते काम, ज्या यंत्रणेला या औषधाचे वेळापत्रकच ठाऊक नाही तिच्यावर सोपवले, त्याबद्दल आहे.

पाल्बोसिक्लिब दिवसातून एकदा सलग 21 दिवस घ्यायचे असते आणि त्यानंतरचे सात दिवस ते पूर्ण बंद ठेवायचे असते. असे 28 दिवसांचे एक सायकल होते. ही सात दिवसांची सुट्टी म्हणजे रुग्णाला दिलेली सवलत नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. पेशीच्या विभाजनाला चालना देणारी सीडीके 4 आणि सीडीके 6 ही दोन प्रथिने हे औषध अडवते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली जाते, पण त्याबरोबर अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींचे उत्पादनही मंदावते. सुट्टीच्या आठवड्यात या पेशींची संख्या, म्हणजे काउंट, पुन्हा वर येतात आणि सीबीसी ही रक्तपेशी मोजणारी तपासणी पाहूनच डॉक्टर पुढचे सायकल सुरू करायला सांगतात. ज्या मोठ्या चाचणीत हे औषध लेट्रोझोलबरोबर दिले गेले, तिच्यातील सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांचे न्यूट्रोफिल (जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गंभीर म्हणावेत इतके उतरले होते. म्हणजे काउंट पडणे हा या औषधाच्या बाबतीत क्वचित होणारा अपघात नाही. तो होणार हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखलेले आहे.

आता आपल्या अॅपने काय केले ते सांगते. मासिक रिफिलची नोंदणी केल्यावर 'औषधाची आठवण' ही सोय आपोआप सुरू झाली. आम्ही ती मागितली नव्हती. आईच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रुग्णालयातील परिचारिकेने सुट्टीचे दिवस लाल पेनने चौकटीत घातले होते आणि पहिले सायकल त्याप्रमाणे नीट पार पडले. दुसऱ्या सायकलच्या सुट्टीत मात्र रोज रात्री साडेआठला तिच्या फोनवर संदेश येऊ लागला: 'आपले कॅन्सरचे औषध घेण्याची वेळ झाली आहे.' औषधाचे नाव त्यात कुठेच नव्हते. लेट्रोझोलची गोळी सुट्टीच्या आठवड्यातही रोज घ्यायची असते. आईने ती घेतली आणि 'घेतले' हे बटण दाबले, तरी थोड्या वेळाने पुन्हा संदेश आला की आपला एक डोस चुकला आहे, तो लगेच घ्यावा. त्यानंतर आपल्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला आणि तिने अत्यंत नम्रपणे, कॅन्सरच्या औषधात खंड पडू देऊ नका, असे आईला बजावले. आई निवृत्त शिक्षिका आहे. कार्यालयातून फोन करून कोणी सांगितले म्हणजे ते कागदपत्र पाहूनच सांगितले असणार, असे मानणारी तिची पिढी. पुढच्या सायकलसाठी आलेल्या खोक्यातील कॅप्सूल तिने त्या रात्री घेतली आणि नंतरही घेत राहिली. मी आठवड्याच्या शेवटी घरी गेले, तेव्हा फोडलेली नवी स्ट्रिप पाहून हा प्रकार उघडकीस आला.

रुग्णालयात कळवल्यावर लगेच सीबीसी करायला सांगितले. न्यूट्रोफिल 800 वर आले होते. एक हजारच्या खाली असताना नवे सायकल सुरू करत नाहीत, त्यामुळे ते पुढे ढकलले गेले, आणि ताप आला तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठायचे, अशी ताकीद मिळाली. काउंट केवळ त्या जादा कॅप्सूलमुळेच पडले, असा माझा दावा नाही, कारण नेमाने औषध घेणाऱ्यांचेही ते पडतात. परंतु ज्या आठवड्यात ते सावरायला हवे होते, त्याच आठवड्यात आपल्या सांगण्यावरून ते दाबणारे औषध पोटात जात होते, एवढे तरी आपल्याला नाकारता येणार नाही.

यानंतर ऑन्कोलॉजिस्टनी डोस 125 मिलिग्रॅमवरून 100 वर आणला. हे औषध 125, 100 आणि 75 अशा तीन पायऱ्यांत मिळते आणि काउंट सावरत नसतील तर एकेक पायरी खाली उतरतात. नवे प्रिस्क्रिप्शन मी त्याच दिवशी अॅपवर चढवले आणि 'आपले प्रिस्क्रिप्शन तपासून स्वीकारले आहे' असा आपला संदेशही आला. तरीही जुन्या रिफिलनुसार 125 चेच खोके घरी पोचले. खोके तसेच दिसणारे, रंगही जवळपास तोच. फरक कोपऱ्यातल्या बारीक आकड्यात. ते न तपासता आईने घेतले असते तर डॉक्टरांनी खाली आणलेला डोस आपण परस्पर पुन्हा वर नेला असता. मग 'तपासून स्वीकारले' या शब्दांमागे प्रत्यक्षात कोणी काही तपासले होते का, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा जे घडले ते याहून गंभीर आहे. 100 मिलिग्रॅमचा साठा सध्या नाही, तोवर मॅडमना 125 ची कॅप्सूल एक दिवसाआड द्या, म्हणजे डोस आपोआप कमी होईल, असा सल्ला आपल्या प्रतिनिधीने मला दिला. तो फार्मासिस्ट आहे का, असे विचारल्यावर त्याने आपण ग्राहक सेवेत असल्याचे सांगितले. फार्मासिस्टशी बोलणे करून द्या म्हटल्यावर चोवीस तासांत फोन येईल असे उत्तर मिळाले. तो अद्याप आलेला नाही. डोस कमी करण्याची पद्धत निर्मात्यांनी आणि डॉक्टरांनी ठरवलेली आहे. ती हेल्पलाइनवर बसून बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. शेवटी 100 ची औषधे मला पुण्याहून स्वतः आणावी लागली. आपल्याकडून भरपाई म्हणून जे कूपन आले, त्यावर व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर सूट होती. ते मी वापरणार नाही.

आणखी दोन गोष्टी याच यंत्रणेतील असल्याने इथेच नोंदवते. डोस कमी होण्याआधीच्या एका खोक्यात कॅप्सूलऐवजी दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या होत्या, आणि त्याची पूर्वसूचना नव्हती. पाल्बोसिक्लिबची कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यावी लागते, तर गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणाशिवायही चालते. त्यामुळे हा बदल दिसतो तितका किरकोळ नाही, आणि चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या जागी विक्रेत्याने परस्पर दुसरे देऊ नये, हा नियमही आपल्याला ठाऊक असणार. दुसरी गोष्ट खोकल्याची. गावातील डॉक्टरांनी आईला क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले आणि ते आम्ही याच खात्यावरून मागवले. पाल्बोसिक्लिबचा निचरा यकृतातील ज्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो, ते विकर क्लॅरिथ्रोमायसिन अडवते आणि पाल्बोसिक्लिबचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून ही दोन्ही एकत्र टाळायची असतात. आपल्याकडे दोन्ही औषधांच्या नोंदी एकाच रुग्णाच्या नावावर होत्या, आणि तरीही दोन्ही एकाच पिशवीतून, एकाच बिलावर घरी आली. रुग्णालयातील परिचारिकेने फोनवर चौकशी करताना ते वेळीच पकडले. ज्या अॅपला चुकलेला डोस इतक्या काळजीने आठवतो, त्याला हे दिसू नये, याचे मला नवल वाटते.

2023 च्या जानेवारीत भारतात या औषधाचे पेटंट संपले, देशी कंपन्यांची जेनेरिक औषधे बाजारात आली आणि आधी परवडत नसलेल्या अनेक कुटुंबांना ते घेणे शक्य झाले. त्यांतील किती जणी आपल्याकडून औषध मागवतात हे आपल्याला माहीत असेल. याच गटातील रायबोसिक्लिबलाही 21 दिवसांनंतर सात दिवसांची सुट्टी असते, तर अबेमासिक्लिब दिवसातून दोनदा, खंड न पाडता घ्यायचे असते. तिन्हींना एकच 'कॅन्सरचे औषध' समजून एकाच साच्यातील आठवण पाठवली, तर जे आईच्या बाबतीत झाले ते इतरांच्या बाबतीतही होणार. म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की, 21 आणि 7 दिवसांच्या वेळापत्रकातील औषधांसाठीची आठवणीची सोय आपण तातडीने बंद करावी. पुन्हा सुरू करायची असेल तर ती औषधाच्या नावानिशी, सायकल सुरू झाल्याची तारीख रुग्णाकडून विचारून आणि नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली करावी. 'चुकलेला डोस लगेच घ्या' हे वाक्य तर काढूनच टाकावे. पाल्बोसिक्लिबचा डोस चुकला किंवा उलटी झाली तर त्या दिवशी जादा डोस घ्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पुढचा डोस घ्यायचा असतो.

आईच्या खात्यातील स्वयंचलित रिफिल रद्द करावे, नव्या प्रिस्क्रिप्शनशिवाय काहीही पाठवू नये आणि 125 चे न उघडलेले खोके परत नेऊन त्याची पूर्ण किंमत बँक खात्यात जमा करावी. कर्करोगाची औषधे परत घेतली जात नाहीत हे आपले धोरण मला माहीत आहे. परंतु आम्ही न मागवलेल्या मात्रेला ते लागू होऊ शकत नाही. ज्या फोनवरून आईला औषध घ्यायला सांगितले गेले त्याचे आणि माझ्या हेल्पलाइनवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण आपण जपून ठेवावे, अशीही मी या पत्राद्वारे मागणी करते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि राज्याचे अन्न व औषध प्रशासन यांच्याकडे दाद मागेन. काउंट पडल्याची घटना औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे, 1800-180-3024 या क्रमांकावर, मी आधीच कळवली आहे. त्यात आपल्या संदेशांचाही उल्लेख केला आहे.

आईचे पुढचे सायकल येत्या सोमवारी, सीबीसी पाहून सुरू होईल. त्यासाठीची औषधे घरात आहेत. त्यापूर्वी आपल्या अॅपवरील आठवण बंद झाल्याचे लेखी कळवावे, आणि या विषयावर आईला फोन न करता माझ्याशीच संपर्क साधावा, ही विनंती.

कळावे,

आपली,
(सही)
रुग्णाची मुलगी, पुणे

सोबत: दोन्ही प्रिस्क्रिप्शनच्या प्रती, सीबीसीचा अहवाल, बिले, अॅपवरील संदेशांची छायाचित्रे व 125 मिलिग्रॅमच्या खोक्याचे छायाचित्र